पद्मिनीचा सायलेन्सर: तयार आणायचा, एमएसमध्ये बनवायचा की स्टीलमध्ये?

आमची प्रीमियर पद्मिनी मोटार १९८६ ची. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी खालून तपासताना सायलेन्सरच्या डब्याला नुसता स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला आणि आतून वाटीभर तांबूस पाणी सांडलं. गाडी तर आठ दिवस शेडमध्ये कोरडी उभी होती. हे पाणी आलं कुठून, ते कळलं की तिन्ही पर्यायांतला कुठला आपला, ते ठरवणं सोपं जातं.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सायलेन्सर चांगला तापलेला असेल तर ही वाफ पुंगळीतून, म्हणजे मागे धूर सोडणाऱ्या नळीतून, निघून जाते. पण गाडी बाजारापर्यंत नेली आणि दहा मिनिटांत बंद केली, तर ती थंड डब्यातच निवते, धुरातल्या आम्लाबरोबर तळाशी साचते आणि पत्रा आतून खाते. म्हणजे रोज पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीपेक्षा रविवारी एक चक्कर मारून झाकून ठेवलेल्या गाडीचा सायलेन्सर लवकर कुजतो. ‘गाडी कमी चालते, मग साधा माल पुरे’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा पडतो.

आता तयार सायलेन्सर. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलं. मुंबईच्या टॅक्स्या होत्या तोवर या गाडीचा खिळान्‌खिळा मिळायचा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सायलेन्सर अजून मिळतो, पण तो बहुतेक वेळा मूळ नगाची नक्कल केलेला, पातळ पत्र्याचा असतो. मला मिळालेल्या नगाची फ्लँज, म्हणजे बोल्टांनी आवळायची जोडपट्टी, दोन बोल्टांवर बसली, पण मागचा पाइप स्प्रिंगच्या पाट्यांना घासत होता. शेवटी तो कापून पुन्हा जोडावाच लागला. अर्थात तयार मालाची एक बाजू खरोखर भक्कम आहे: डबा. आतल्या भोकांच्या नळ्या, पडदे, कप्पे यांची मांडणी करूनच आवाज मरतो, आणि ती घरच्या शेडमध्ये जमत नाही. मी पाइप घरी करायच्या बाजूचा आहे, डबा करायच्या बाजूचा अजिबात नाही. डबा विकतचाच आणा, मग तो पद्मिनीचा नसला तरी चालेल. तोंडाचा व्यास जुळला आणि गाडीखाली मावला की झालं.

दुसरा पर्याय एमएस, म्हणजे साधा लोखंडी पाइप. इथे पाइपची जाडी आणि वेल्डिंग यांचा विचार एकत्रच करायचा. १८ गेज पाइप सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्यावर ग्रिलवाल्याचं साधं रॉडचं वेल्डिंग मारलं की सांध्यापेक्षा भोकंच जास्त पडतात. १६ गेज, म्हणजे त्याहून जाड, घेतला तर सवयीचा हात रॉडनेही काम नीट करतो. शक्य असेल तर सीओटू, म्हणजे गॅसच्या आडोशात तारेने वेल्डिंग करणाऱ्याकडेच जा. प्लंबिंगचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप स्वस्त आणि सहज मिळतो, म्हणून मोह होतो, तो टाळाच. वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

वळण हा घरच्या कामातला कसोटीचा भाग. पाइपमध्ये कोरडी, चाळलेली वाळू ठासून, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टी (बूच) मारून, गॅसवर लाल करून हळूहळू वाकवला तर तो चपटा होत नाही. वाळू मात्र खरोखर कोरडी हवी; ओल राहिली तर वाफेच्या जोराने गुट्टी गोळीसारखी सुटते. हे जमत नसेल तर तयार बेंड आणून मधे सरळ तुकडे जोडावेत. मी तेच केलं. आधी जाड तार वाकवून गाडीखाली पूर्ण मार्ग आखला आणि त्या तारेबरहुकूम तुकडे कापले. टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरायला वेल्डिंगचे ठिपके, गाडीवरच मारले, पण पूर्ण वेल्डिंग गाडीखालून काढून बाहेर केलं, कारण पेट्रोलची टाकी मागेच आहे. टाके मारण्याआधीही बॅटरीची वायर काढली होती आणि हाताशी वाळूची बादली ठेवली होती.

तिसरा स्टीलचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा. खर्च एमएसच्या कितीतरी पट, कारण पाइप महाग आणि वर आर्गन वायूच्या आडोशात केलेलं वेल्डिंग हवं. ते करतानाही पाइपच्या आतून आर्गन सोडला नाही, तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी खरखरीत पापडी धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. ‘आर्गन आतूनही सोडता का?’ हा एक प्रश्न विचारला तरी कारागीर कसा आहे ते समजतं. मालाचीही फसगत होते. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही, म्हणजे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस म्हणतो. पण जिन्याच्या रेलिंगला वापरतात त्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि २०२ गंजाला ३०४ इतकं टिकत नाही. उलट ४०९ ला चुंबक चिकटतं, तरी कंपनीच्या सायलेन्सरमध्ये तेच सर्रास असतं. तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या.

३०४ तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त फुगतं. तीन मीटरचा पाइप तीनशे अंशांनी तापला तर एमएस साधारण ११ मिलिमीटर वाढतो, ३०४ साधारण १६. म्हणून तो चेसिसला कुठेही घट्ट आवळायचा नाही, रबरी हँगरवर झुलता ठेवायचा. पुढच्या पाइपनंतर जाळीचा फ्लेक्सिबल तुकडाही घालाच, कारण इंजिन आपल्या रबरांवर डुलतं आणि त्या डुलण्याने पहिला तडा मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) फ्लँजपाशी जातो.

कुठलाही माल घ्या, व्यास वाढवू नका. १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. मूळ मापाचा पाइप त्याला पुरतो. दोन इंची पाइपने हाती येतो तो फक्त घुमणारा आवाज आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर घासणारा डबा. शिवाय सायलेन्सर कायद्याने बंधनकारक आहे, आणि इतक्या जुन्या गाडीची कागदपत्रं चोख ठेवलेली बरी.

माझा कौल असा. गाडी आठवड्यातून दोनदा तरी तासभर हायवेला जात असेल तर एमएसचे पाइप आणि विकतचा डबा, बाहेरून उष्णता सोसणारा रंग मारून. गाडी अलिबाग-रत्नागिरीसारख्या खाऱ्या हवेत असेल, किंवा माझ्यासारखी जवळच्या जवळ फिरून उभी राहत असेल, तर स्टील. एकदम झेपत नसेल तर आधी डबा आणि त्याच्या मागचा पाइप स्टीलचा करा. पाणी जास्त साचतं ते त्या थंड भागात. पुढचा पाइप लवकर तापून कोरडा होतो, तो एमएसचा चालतो. मी हेच केलं आहे. पूर्ण तयार सेट फक्त गाडी विकायची असेल तर.

काम झालं की एक तपासणी चुकवू नका. गाडी मोकळ्या जागेत ठेवून इंजिन सुरू करा आणि ओलं जाड फडकं क्षणभर पुंगळीवर दाबून धरा. ज्या सांध्यातून फुसफुस ऐकू येईल तिथे खडूने खूण करा. आणि पुंगळीचं टोक बंपरच्या बाहेर दोन बोटं तरी आलंच पाहिजे. ते आत राहिलं तर धूर डिकीच्या जुन्या रबरातून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात.