पोवई नाक्याजवळचं बुटांचं दुकान : लांब चालायचं असेल तर जरूर जा, सॅक मात्र दुसरीकडे बघा

साताऱ्यात पळण्याच्या बुटांचं दुकान चालतं यात नवल नाही. २०१२ मध्ये हिल मॅरेथॉन सुरू झाली तेव्हापासून अर्धं गाव यवतेश्वरचा घाट पळत चढतंय. पण आम्ही दोघी पळणाऱ्यातल्या नाही. मी पोस्टातून निवृत्त झालेय, मैत्रीण सांगलीची, शाळेतून निवृत्त. आम्हाला जायचंय स्पेनला, कामिनोच्या यात्रेला. संत याकोबाची समाधी सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये आहे असं मानतात, तिथवर चालत. एवढ्या चालीचे बूट मिळतील का, हे बघायला म्हणून या दुकानात शिरलो.

मालक चाळिशीचे, स्वतः पळणारे. त्यांनी साइज विचारली नाही, बजेट विचारलं नाही. म्हणाले, "काकू, किती किलोमीटर, सलग किती दिवस आणि पाठीवर ओझं किती?"

इथंच आमची पंचाईत झाली, कारण आमचंच एकमत नव्हतं. माझ्या डोक्यात फ्रान्सच्या हद्दीतलं सेंट-जाँ, म्हणजे पिरेनीज ओलांडून सुमारे ७८० किलोमीटर. मैत्रिणीच्या डोक्यात सारिया. तिथून जेमतेम ११५ किलोमीटर, आणि शेवटचे १०० चाललं की प्रमाणपत्र मिळतंच. "अगं, प्रमाणपत्र तेच मिळणार, मग गुडघे कशाला झिजवायचे?" हा तिचा मुद्दा. स्टुलावर बसल्या बसल्या आमची जुंपली. मालकांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी ठरवा, मग या. ११५च असतील तर पायातले आहेत तेच चालतील, नवीन घेऊ नका." पर्समध्ये पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला असं परत पाठवणारा दुकानदार मी तरी विरळाच पाहिला. पाच तारे त्यासाठीच.

चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जाताना भांडत भांडत तोडगा निघाला : लिओनपासून सुरुवात. अंदाजे ३१० किलोमीटर. मधलं मेसेताचं रखरखीत पठार टळतं, पण ओ सेब्रेरोचा चढ पदरात पडतो आणि क्रूस दे फेर्रो, म्हणजे डोंगरावरचा लोखंडी क्रूसही बघून होतो. वर्षही ठरलं, म्हणजे निदान कुठलं नको ते ठरलं. २५ जुलै हा संत याकोबाचा सण, २०२७ ला तो रविवारी येतो, त्यामुळे ते तिकडचं पवित्र वर्ष आणि गर्दी तुडुंब. ते सोडून कधीही.

ठरल्यावर पुन्हा गेलो, त्यांच्याच सांगण्यावरून संध्याकाळी. दिवसभरात पाय फुगतात, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. मग जे झालं ते मी आजवर कुठल्या दुकानात बघितलं नव्हतं. एका जुन्या सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या होत्या. ती पाठीला लावून आम्हाला कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीनं पावलाची कड काढली. मग सॅक उतरवून त्याच कागदावर दुसरी रेघ. दोन रेघांत, विशेषतः पंजापाशी, चांगलं अंतर होतं. मैत्रिणीचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. बूट मोठ्या पायाचा घ्यायचा, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडायची. काउंटरमागे एक तिरकी फळी आहे, तिच्यावरून खाली उतरायला लावतात. बोट पुढे आदळलं की तो जोड बाद. उतारावर नखं काळी पडतात ती यामुळेच. क्रूस दे फेर्रोनंतर मोलिनासेकापर्यंतचा उतार दगडगोट्यांचा आणि तीव्र आहे, त्यामुळे ही फळी आमच्या कामाचीच होती. लेसची वरची दोन भोकं वापरून टाच कशी जखडायची, तेही शिकवलं.

मैत्रीण म्हणाली, "मी वारी चपलेवर करते, मला कसले बूट?" मालक तरडगावचे, माउलींची पालखी दारावरून जाते. ते हसून म्हणाले, "काकू, वारीत तुमचं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं." यावर ती गप्प बसली. (स्पेनचं पोस्ट खातं पैसे घेऊन यात्रेकरूंच्या बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवतं, हे मी नंतर वाचलं. मला फार अभिमान वाटला, आपलंच खातं असल्यासारखा. यात्रेकरूच्या पासपोर्टवर शिक्के मारून घ्यायचे, शेवटच्या टप्प्यात दिवसाला दोन. शिक्के मारण्यात तर माझा जन्म गेलाय.)

मी वॉटरप्रूफ मागितले होते. सांतियागो ज्या गालिसिया प्रांतात आहे तिथं पाऊस फार, म्हणून. ते महाग होते, आणि तरी त्यांनी नको म्हटलं. पाणी वरून घोट्यातून शिरतं, मग ते आतच राहतं. मुक्कामाच्या अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, बूट दारापाशी रॅकवर ठेवायला लावतात, तिथं रात्रीत वाळणार नाही. जाळीचा बूट घ्या, आत वर्तमानपत्र कोंबा.

मग सज्जनगडावर गेलो, भरलेली सॅक घेऊन, पायऱ्या उतरण्यासाठी. माझा जोड झकास. मैत्रिणीची करंगळी घासली. परत नेल्यावर मालकांनी सोल पुसून बघितला, कुरकुर न करता पंजाला रुंद असलेला जोड बदलून दिला. दोन आठवड्यांच्या आत आणलं तर बदलतात. मात्र डांबरावर फार झिजवलेला घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आता तक्रारी. सॅक इथं घेऊ नका. दोनच प्रकार ठेवलेत, दोन्ही उंच पुरुषांच्या मापाचे. मैत्रीण पाच फूटही नाही, कमरेचा पट्टा तिच्या मांडीवर आला. "सवय होईल" म्हणाले, ते मला पटलं नाही. बुटाबाबत इतका काटेकोर माणूस सॅकबाबत असं कसं बोलतो? ओझं आपल्या वजनाच्या एक दशांश ठेवायचं म्हणतात. म्हणजे माझ्या वाट्याला सहा किलोसुद्धा नाहीत, त्यात रिकाम्या सॅकचंच दीड किलो कशाला? बायकांच्या साइजही कमी. हव्या मापात एकच रंग होता, भडक गुलाबी. तो घालून मी कॅथेड्रलसमोर उभी राहणार आहे, इलाज नाही. लोकरीचे सॉक्स नाहीत, बाकीचे आहेत ते महाग.

माझा जोड ६,८०० ला पडला. घासाघीस चालत नाही, मी करून बघितली. पाटी झाडामागे झाकली गेलीये, कुणाही पळणाऱ्याला विचारा. गाडी लांब लावा, सहानंतर जा, रोज वापरता तेच सॉक्स घालून जा. चालायच्या काठ्या नव्हत्या, मागवतो म्हणालेत. आल्या की फळीवर काठीसकट उतरून बघणार आहे, आणि मगच मैत्रिणीला सांगलीहून बोलावणार.