एचएसआरपी पाटी: माल एक नंबर, सेंटर काठावर पास

निकाल आधीच सांगून टाकतो, घाईत असलेल्यानं पुढं नाही वाचलं तरी चालेल. एचएसआरपी म्हणजे गाडीची ती नवी, जादा सुरक्षेची सरकारी नंबर प्लेट. पाटी चांगली आहे, भाव वाजवी आहे, ऑनलाइन बुकिंग धीर धरला तर होतं. गाडी अडते ती बसवून देणाऱ्या सेंटरवर. पाचपैकी गुण द्यायचे तर पाटीला साडेचार, बुकिंगला तीन आणि सेंटरला दोन. ते दोनही ड्रिल चालवणाऱ्या पोराकडं बघून.

मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. सोयाबीनच्या पट्ट्या करायच्या, हमाली-तोलाई मांडायची, शेतकऱ्याच्या हातात हिशोब द्यायचा, हे रोजचं काम. त्यामुळं कुठंही पैसे द्यायची वेळ आली की मला आधी पावती दिसते. मालकानं एक दिवस छोट्या हत्तीचं, म्हणजे मालाच्या टेम्पोचं, आरसी बुक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मुनीम, तेवढं नंबर प्लेटचं बघा." मग घरची मोटारसायकल, बायकोची स्कूटी आणि औसा तालुक्यात अण्णांकडं असलेला ट्रॅक्टर, सगळंच माझ्या गळ्यात पडलं. साऱ्या गाड्या १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या. त्या तारखेनंतरच्या गाडीला शोरूमवालाच ही पाटी लावून देतो, त्यांनी हे सोडून खालचं चॉइस नंबरचं वाचावं.

आधी भावाचं. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, कार, टेम्पो आणि त्यावरच्या गाड्यांना ७४५. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे मोटारसायकलचे ५३१, रिक्षाचे ५९० आणि कार-टेम्पोचे ८७९ रुपये १० पैसे. पुढची-मागची पाटी, कुलपं आणि बसवायची मजुरी यातच आली. चारचाकीला काचेवरचं स्टिकरही यातच. हा आकडा पाठ करून ठेवा, सेंटरवर लागतो. घरी येऊन बसवून घ्यायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतात. मी ते घेतलं नाही, आमच्या गल्लीत रिक्षा वळायची मारामार.

बुकिंग परिवहन खात्याच्या वेबसाइटवरूनच करा. गुगलवर नुसतं नाव टाकलं की भलत्याच साइटी वर येतात, आणि तसल्या खोट्या साइटींवर पैसे भरून बसलेली माणसं राज्यात कमी नाहीत. खऱ्या साइटवर आधी आरटीओचा कोड निवडायचा, मग गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच आकडे, मोबाइल नंबर, ओटीपी. हे सगळं 'वाहन' नावाच्या सरकारी नोंदीशी जुळलं तरच पुढं सरकतं. मोटारसायकलचं एका दमात झालं. टेम्पोचं मात्र अडलं, कारण चासी नंबरात पाच आहे की इंग्रजी एस, हे त्या झिजलेल्या कार्डावर ओळखूच येईना. शेवटी ड्रायव्हरला गाडीखाली घातलं, चासीवरचा गंज पोत्यानं पुसला आणि मोबाइलच्या उजेडात फोटो काढला. पाच निघाला. तुमचंही कार्ड जुनं असेल तर वेबसाइटशी भांडण्यापेक्षा हे आधी करा.

बायकोची स्कूटी माहेरची, अंबाजोगाईची, म्हणून एमएच-४४. तिला वाटलं पाटीसाठी अंबाजोगाई गाठावी लागणार, आणि खरं सांगायचं तर तिला ते चाललंही असतं. पण गाडी जिथं वापरता तिथला आरटीओ निवडता येतो. आम्ही एमएच-२४ निवडून लातुरातच बसवली. नंबर तोच राहतो, फक्त पाटी बदलते. हे बऱ्याच जणांना माहीत नाही. पुण्यात पोरापाशी असलेली लातूरची गाडी सुट्टीत इकडं आणायची वाट बघत बसतात.

एक गोष्ट खटकली. तारीख आणि वेळ आपण निवडतो, पण त्या वेळेला सेंटरवाल्याच्या लेखी काही किंमत नाही. त्यात जुन्या गाडीला पाटी बसवायची ३१ मार्च २०२५ ची मुदत ३० एप्रिल झाली, मग ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर. मोंढ्यात लोक म्हणायचे, "बसा हो, अजून एकदा वाढती." आणि वाढायची. मग शेवटच्या आठवड्यात सगळं गाव सेंटरवर. मी मधल्या रिकाम्या दिवसांतली वेळ घेतली होती, तरी सकाळी साडेदहाच्या वेळेला गेलो तर शटर अर्धं वर आणि आत एकटं पोरगं, पाट्यांच्या खोक्यात नंबर शोधत बसलेलं. खोक्यात ना आकड्याचा क्रम, ना तारखेचा. आमच्या आडतीवर पट्ट्या अशा ठेवल्या तर मालक मला दुपारपर्यंत घरी पाठवतील.

पोरगं मात्र कामाचं. मोटारसायकलच्या मागच्या जुन्या पाटीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यानं तेल सोडलं, थांबला, घाई न करता पान्यानं काढले. एक तुटलाच, तर ड्रिलनं साफ केला. मग नवी पाटी लावून स्नॅप लॉक दाबला. हे कुलूप एकदाच बसतं. पान्यानं, पेचकसानं निघत नाही, काढायचं म्हणजे तोडायचंच, आणि पाटी चोरून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून ते तसं केलंय. म्हणून दाबायच्या आधी पाटी सरळ आहे का ते स्वतः चार पावलं मागं सरून बघा. माझ्या पुढच्या माणसाची तिरकी बसली आणि आता ती तशीच राहणार.

मग तो म्हणाला, "काका, फ्रेम लावावी लागंल, नाहीतर पाटी वाकती. शंभर रुपये."

"पावती?"

"त्याची पावती नसती काका."

"मग पैसे बी नसतेत."

तो हसला आणि फ्रेम परत खोक्यात गेली. बाजूला उभ्या दोघा-तिघांनी मात्र आधीच शंभर-शंभर दिलेले होते, त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच ते खाल्ले. प्लास्टिकची ती चौकट बंधनकारक नाही. हवी तर घ्या, जुन्या गाडीचा मडगार्ड पातळ असेल तर उपयोगही होतो. पण बुकिंगचे पैसे भरल्यावर सेंटरवर सक्तीचं असं काहीच द्यायचं नसतं. सेंटरचे गुण कापले ते इथं. पोराचे नाही, त्याला असं सांगायला लावणाऱ्याचे.

आता पाटीबद्दल, कारण ती मला खरंच आवडली. एक मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम, अक्षरं उठावाची. डावीकडं वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, वीस मिलिमीटरचा चौकोन, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी. खालच्या कोपऱ्यात लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक, तो गाडीच्या चासी-इंजिनशी नोंदीत बांधलेला असतो. काळ्या अक्षरांवरून नख फिरवा आणि नीट तिरपं धरून पाहा, प्रत्येक अक्षरावर बारीक तिरक्या ओळींत इंडिया इंडिया छापलेलं दिसतं. सेंटरवरून घेताना मी नेमकं हेच तपासलं, कारण रेडियमच्या दुकानात हुबेहूब दिसणाऱ्या पाट्या मिळतात आणि त्यांत होलोग्राम नुसता चिकटवलेला असतो, लेझरचा क्रमांक कुणाच्याच नोंदीत नसतो. रात्री औसा रोडला पुढच्या गाडीवर दिवा पडला की ही पाटी लांबून वाचता येते. पोलिसांच्या कॅमेऱ्यालाही येते, हे काहींना आवडणार नाही.

कारण आपल्याकडच्या जुन्या पाट्या आठवा. ४१४१ चा दादा, ८०५५ चा बॉस, २१४ चा राम, ४९१२ चा पवार. वर पक्षाचं चिन्ह, खाली आईचा आशीर्वाद, आणि मधे राहिलेल्या जागेत नंबर. आता अक्षराची उंची, जाडी, अंतर सगळं नियमानं ठरलेलं. आमच्या मालकाच्या टेम्पोवर मागं मोठ्या मराठी आकड्यांत नंबर होता, तोही गेला. मला मराठी आकड्यांचं थोडं वाईट वाटलं. दादाचं नाही वाटलं.

चारचाकीच्या पाटीत दोन मापं असतात, ५०० बाय १२० ची लांबट आणि ३४० बाय २०० ची चौकोनी. ते तुमच्या गाडीच्या मॉडेलवरून ठरतं, तरी पाटी हातात आल्यावर मागची जागा मोजून घ्या. टेम्पोच्या काचेला आतून लावायचं स्टिकर सेंटरवाला द्यायचं विसरला होता, मागून घेतलं. तीच तिसरी पाटी समजा. डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, बाकीच्यांना करडं. दुचाकीला ते नसतं.

आता ज्यांना नवी गाडी घ्यायचीय त्यांच्यासाठी, कारण निवडायला खरा वाव तिथंच आहे. पाटीचा रंग आपण निवडत नाही, गाडीचा वापर निवडतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे खाजगी, पिवळ्यावर काळं म्हणजे भाड्याची. विजेवरची खाजगी गाडी हिरव्यावर पांढरं, विजेवरची भाड्याची हिरव्यावर पिवळं. काळ्यावर पिवळं म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं दिलेली, ती आमच्याकडं क्वचित दिसते. मेव्हण्यानं घेतलेली विजेची स्कूटर ताशी पंचवीसच्या आतली आहे, तिला पाटीच लागत नाही, आणि हे तो प्रत्येक कार्यात सांगतो.

भाचा सरकारी बँकेत आहे, सध्या संभाजीनगरला, उद्या कुठं कोण जाणे. त्यानं बीएच, म्हणजे भारत सिरीजचा नंबर घेतला. सप्टेंबर २०२१ पासून मिळतो. आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग नंबर. सरकारी नोकर, सैन्यातले, सरकारी कंपन्या-बँकांतले आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीतल्या माणसांनाच. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखांच्या आतल्या गाडीला आठ टक्के, वीसपर्यंत दहा, वर बारा, त्याच हिशोबानं दोन वर्षांचा वाटा. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेला दोन कमी. राज्य बदललं की नंबर बदलायची कटकट नाही. पण लातुरातच जन्म काढायचा असेल तर दर दोन वर्षांनी कराची आठवण ठेवण्यात काही अर्थ नाही, एकरकमी भरा आणि एमएच-२४ घ्या.

राहिला चॉइस नंबर. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं दर वाढवले. चारचाकीला ०००१ हवा असेल तर पाच लाख, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी सहा, दुचाकीला एक लाख. एकाच नंबराला दोघं आले तर जादा रक्कम भरणाऱ्याला मिळतो. मालकाला नव्या गाडीला ०००९ हवा होता. अडीच लाख म्हणल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि सोयाबीनचा आजचा भाव विचारला. मी सांगितला. मग म्हणाले, "बेरीज नऊ येईल असा साधा बघा की."

ट्रॅक्टरची पाटी आलीय, अण्णा पेरणी झाल्याशिवाय तो लातूरला पाठवत नाहीत. पाटी बसवून घेतलेली नसेल तर गाडी नावावर करणं, पत्ता बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं यातलं काही आरटीओत होत नाही, आणि ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा अजून चढलेला आहे. उद्या पाटी मोडली तर एकच बदलून मिळते, हरवली तर आधी पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत जोडावी लागते. पैसे भरल्याची पावती डाउनलोड करून ठेवा आणि पाटी बसेपर्यंत मोबाइलमधून उडवू नका, सेंटरवर तिच्याशिवाय खोकं उघडत नाहीत.