आमदारांपुढे विषय कसा न्यावा : दोन दिवसांच्या कार्यशाळेबद्दल

आमच्याकडे निवेदन द्यायची एक ठरलेली पद्धत आहे. ‘सविनय सादर’पासून सुरुवात, दोन पानं मजकूर, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि आमदारसाहेबांनी कागद हातात घेतला की फोटो. मी तालुक्याच्या ‘ब’ वर्ग (हा सरकारने ठरवलेला दर्जा) वाचनालयात ग्रंथपाल आहे, असे फोटो आमच्या कपाटात भरपूर आहेत. म्हणून विधिमंडळ सदस्यांकडे पाठपुरावा कसा करायचा हे शिकवणाऱ्या या कार्यशाळेत नाव घातलं.

पहिली सकाळ वाया गेली असं स्पष्टच लिहिते. विधानसभेत 288 सदस्य, परिषदेत 78, हे सांगायला दीड तास कशाला? त्यानंतरचं ‘तुम्ही आमदार व्हा, तुम्ही कार्यकर्ते व्हा’ हे नाटुकलं तर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

पण दुपारी विधिमंडळ कामकाजाची बारीक माहिती असलेले एक निवृत्त गृहस्थ आले आणि पैसे वसूल झाले. त्यांनी आमची निवेदनं बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला तारांकित प्रश्न, म्हणजे आमदाराने सभागृहात मंत्र्यांना विचारायचा प्रश्न, लिहायला बसवलं. ‘…हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली’, शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. साचा सगळ्यांना माहीत असतो, खाच त्यांनी दाखवली. पहिला भाग ढिला लिहिला की उत्तर येतं ‘नाही’, आणि खालच्या सगळ्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. त्याहून सोयीचं म्हणजे ‘अंशतः खरे आहे’. माझं वाक्य होतं, ‘ग्रंथालय सेवकांची परिस्थिती बिकट आहे, हे खरे आहे काय’. त्यावर लाल रेघ मारून त्यांनी वाचनालयाचा वर्ग, परिरक्षण अनुदानाची (वाचनालय चालवायला सरकार देतं त्या पैशाची) रक्कम आणि त्यातून सेवकाच्या हाती पडणारा पगार, एवढंच लिहायला लावलं. आकडा असला की मंत्र्यांना अंशतः म्हणणं जड जातं.

तारांकित का, तर सभागृहात त्याची पाळी आली की तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि इतर सदस्यही उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं, पण आकडेवारी काढून घ्यायला तेच बरं. लक्षवेधी, म्हणजे एखाद्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, तातडीच्या गोष्टीसाठी राखून ठेवायची. आणि प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर मुंबईला किंवा हिवाळ्यात नागपूरला धावण्यात फारसा अर्थ नसतो. तेव्हा भेट होते, चहा होतो, प्रश्न यादीत लागत नाही.

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट मात्र वेगळी. आपल्या मतदारसंघाचा आमदार सोडून आम्ही कधी कुणाचा विचारच करत नाही. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांचे 7 आणि पदवीधरांचे 7 सदस्य असतात. ग्रंथालयं उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतात, म्हणजे ही मंडळी आमच्या विषयाच्या जास्त जवळची. त्यांनी आधी कोणते प्रश्न विचारलेत ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बघून मगच फोन करा, असं सांगितलं. हे सोपं आहे आणि कुणी करत नाही.

उणिवा आहेत. आमदाराचा स्वीय सहायक (पीए) या माणसाबद्दल कार्यशाळेत जवळजवळ काहीच नव्हतं, आणि कागद टेबलावर राहणार की फायलीत जाणार हे बऱ्याचदा तोच ठरवतो. सत्ताधारी आमदार आपल्याच मंत्र्याला सभागृहात कितपत अडचणीत आणेल, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ‘स्थानिक परिस्थितीनुसार’ असं उत्तर मिळालं (तेही अंशतः खरंच).

जायचं असेल तर आपल्या विषयाचे आकडे आणि जुने शासन निर्णय बरोबर न्या, नाहीतर दुपारचं सत्र नुसतं ऐकण्यात जाईल. आयोजकांना एकच सुचवेन : मंत्री सभागृहात ‘कार्यवाही करू’ म्हणाले की त्याचा हिशेब आश्वासन समिती मागू शकते, आणि तो भाग शेवटच्या संध्याकाळी लोक पिशव्या आवरत असताना उरकला. पहिल्या सकाळचा दीड तास तिकडे द्या.