शिफारस आली, पण पुस्तक आणायचं कुठून? वाचनालय, विकत, ई-रीडर आणि ऑडिओ

"आप्पा, हाई पुस्तक वाची ल्या," असा निरोप ग्रुपवर येतो, सोबत मुखपृष्ठाचा फोटो येतो, खाली चार अंगठे पडतात. मग खानदेशात शहादा, चोपडा किंवा साक्रीत बसलेल्या वाचकापुढे अडचण उभी राहते. गावात मराठी पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाइड आणि स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे. कादंबरी मागितली की दुकानदार "मागवून देतो" म्हणतो. अशा वेळी चार रस्ते आहेत आणि चारही सगळ्या पुस्तकांना सारखे चालत नाहीत. त्यामुळे आधी पुस्तकाची जात बघायची, रस्ता नंतर.

पहिली चाळणी हक्कांची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ च्या सुरुवातीपासून खुलं आहे. त्याची पीडीएफ उतरवून घेण्यात काही गैर नाही. बहिणाबाईंचं गणित थोडं वेगळं आहे. त्या १९५१ मध्ये वारल्या आणि गाणी छापून आली १९५२ मध्ये. लेखन मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती २०१३ पासून खुली. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, म्हणजे साठी उलटलेली, म्हणून कुणी ती 'आता फ्री' म्हणत पुढे ढकलली तर तो हिशेब चुकलेला आहे. लेखक हयात आहेत, त्यामुळे मुदत सुरूच झालेली नाही.

खुल्या लेखनाची दुसरी बाजू अशी की ते कुणीही छापतं. एकाच पुस्तकाच्या पाच आवृत्त्या बाजारात दिसतात, आणि सर्वांत स्वस्त आवृत्तीत प्रस्तावना नसते, शब्दार्थ नसतात, मुद्रितशोधनही नसतं. बहिणाबाईंच्या बाबतीत हे जास्त लागतं. लेवा गणबोलीत, म्हणजे यावल-रावेरकडच्या त्यांच्या बोलीत, 'ळ' चा 'य' होतो, ओढाळचं 'वढाय' होतं. कुणी शहाण्याने ते 'शुद्ध' करून ठेवलं की लय जाते. आवृत्ती घेण्याआधी मधलं कोणतंही पान उघडून बोलीतले शब्द शाबूत आहेत का, तळाला त्यांचे अर्थ आहेत का, एवढं पाहा. यावल-रावेरच्या वाचकाला अर्थांची गरज नसेल. त्याच्या मुंबईत वाढलेल्या नातवाला असते.

वाचनालय

एकदाच वाचायच्या पुस्तकासाठी याच्याइतका स्वस्त रस्ता नाही. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय किंवा अमळनेरचं पूज्य साने गुरुजी ग्रंथालय यांसारख्या जुन्या संस्थांत दशकांचा साठा आहे. गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयात दोन-चार कपाटं आणि वर्तमानपत्रांचं टेबल. दोन्हींकडून अपेक्षा वेगळी ठेवा.

सभासद होताना अर्ज, ओळखपत्राची प्रत, अनामत आणि वर्गणी एवढंच लागतं. अनामत परत मिळते, पण पावती दाखवल्यावर. पावती चार वर्षांनी सापडत नाही, म्हणून त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा. वर्गणी गावागणिक वेगळी असते. महिना ५० रुपये धरले तर वर्षाचे ६०० होतात. महिन्याला दोन पुस्तकं वाचलीत तर पुस्तकामागे २५ रुपये पडतात; तीन महिन्यांतून एक वाचलंत तर १५०.

फसतं ते नव्या पुस्तकांवर. छोट्या वाचनालयांची खरेदी अनुदानाच्या हप्त्यांवर चालते, त्यामुळे पुस्तकं वर्षातून एक-दोनदा गठ्ठ्याने येतात. दिवाळीत गाजलेलं पुस्तक कपाटात यायला मार्च उजाडू शकतो. तोंडी सांगून काही होत नाही. मागणीच्या वहीत पूर्ण नाव, लेखक आणि प्रकाशक लिहा, आणि तेच पुस्तक हवं असलेल्या आणखी दोघा सभासदांनाही लिहायला लावा. एकाच नावाच्या तीन नोंदी दिसल्या की खरेदीच्या यादीत ते वर चढतं. पुस्तक आलं की आधी ज्याने लिहिलं त्याला मिळतं का, हे मात्र आधीच विचारून घ्या. काही ठिकाणी ते कार्यकारिणीच्या घरी फिरून येतं.

शोधताना नुसत्या लेखकाच्या नावावर थांबू नका. जुन्या नोंदवह्यांत तीच व्यक्ती कधी आडनावाने, कधी आद्याक्षरांनी नोंदलेली असते. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही घरी पुस्तक नेण्याची ठिकाणं नव्हेत. जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं तिथेच बसून बघायची असतात. कादंबरी मागायला जाऊ नये.

विकत

कविता, कोश, बोलीतलं लेखन, मुलांची पुस्तकं आणि ज्यात पेन्सिलीने खुणा करायच्या आहेत ती पुस्तकं विकतच घ्यावीत. कादंबरी मात्र आधी वाचून मग घ्यावी, असं आमचं मत. घरात न वाचलेल्या कादंबऱ्यांची उतरंड लागलेली असते ती बहुतेक एका रात्रीच्या शिफारशीवर मागवलेल्यांची.

दुकानात किंवा प्रदर्शनात पुस्तक हातात आल्यावर दोन मिनिटं द्या. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. बांधताना एखादा फॉर्म दोनदा पडतो किंवा गळतो, त्यामुळे ३२ नंतर पुन्हा १७ येतं किंवा ४८ नंतर थेट ६५. पृष्ठ १६, ३२, ४८, ६४ असे टप्पे भराभर उलटून पाहा, चूक तिथेच सापडते. प्रदर्शन तीन दिवसांत उठून पुढच्या गावी जातं, मग बदलून कोण देणार? दुसरी गोष्ट बांधणी. कण्याकडे वरून बघा. फॉर्म वेगवेगळ्या घड्यांत दिसले आणि मधोमध दोरा दिसला तर शिलाई आहे, टिकेल. सगळी पानं एकसलग कापून नुसता डिंक लावलेला असेल तर आपल्या उन्हाळ्यात त्याची परीक्षा होते. मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. डिंक वाळून कडक होतो आणि पुस्तक पूर्ण उघडलं की मधूनच तडकतं. अशी पुस्तकं पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नका. पावसाळ्यात वाळवी आणि कसर यांचा त्रास वेगळाच: रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे हवी आणि दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक पुस्तक एकदा तरी उलटलं जावं.

चोरटी प्रत ओळखायला सोपी असते. अक्षरं धुरकट, कडेची समासाची जागा कापलेली, कागद इतका पातळ की मागच्या ओळी दिसतात, मुखपृष्ठाचे रंग फिकट. २०० रुपये वाचतात, डोळे जातात. लेखकाच्या हाती काहीच पडत नाही, हे तर आहेच.

टपालाने मागवणार असाल तर २०२५ च्या मेपासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पार्सल कुठे पोचलं ते कळतं. मराठी कादंबरीच्या नेहमीच्या आकाराचं, म्हणजे डेमी आकाराचं, ३०० पानी पुस्तक ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागदावर साधारण ३४० ग्रॅम भरतं, म्हणजे एकट्याने मागवलं तर पहिल्या टप्प्याच्या जरा बाहेर जातं. गल्लीतल्या चौघांनी मिळून एकाच प्रकाशकाकडून मागवलं तर परवडतं, आणि चार-पाच पुस्तकांच्या मागणीवर प्रकाशक सवलतीचंही बोलतो. ही सेवा भूपृष्ठमार्गाने जाते, म्हणून वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात तिच्यावर विसंबू नका. जाहिराती असलेलं छापील साहित्य आणि नियतकालिकं तिच्यात बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक या दराने येणार नाहीत.

ई-रीडर

पडद्यावर पुस्तक वाचायच्या या यंत्राबाबत उत्साह जास्त आणि हिशेब कमी असतो. २०२५ मध्ये भारतात आलेल्या नव्या किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. ई-पुस्तक छापील प्रतीपेक्षा १५० रुपयांनी स्वस्त पडतं असं धरलं तरी यंत्राचे पैसे वसूल व्हायला ११४ पुस्तकं लागतात. महिन्याला दोन या गतीने ती साडेचार वर्षांहून जास्त झाली. शिवाय घेतलेलं ई-पुस्तक शेजारच्या काकूंना वाचायला देता येत नाही. विकत मिळते ती वाचण्याची परवानगी, पुस्तक नव्हे.

तरी एका वाचकासाठी आम्ही बेधडक ई-रीडर सुचवतो. ज्याला बारीक अक्षर दिसत नाही आणि जो रोज तासभर तरी वाचतो, तो हा वाचक. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, ओटीवरच्या उन्हातही पडदा स्पष्ट दिसतो, वीज गेली तरी आतला उजेड असतो आणि एकदा चार्ज केलं की दिवसांची नाही, आठवड्यांची सोय होते. फक्त यंत्र घेण्याआधी एक काम करा. पुढच्या वर्षात वाचायच्या दहा मराठी पुस्तकांची यादी लिहा आणि त्यातली किती ई-स्वरूपात मिळतात ते फोनवर शोधून बघा. सहापेक्षा कमी निघाली तर पैसे ठेवा.

"पीडीएफ टाकून वाचू" म्हणणारे इथेच फसतात. डेमी पुस्तकाचं पान १४ सेंटिमीटर रुंद असतं, सहा इंची पडदा जेमतेम ९. स्कॅन केलेलं पान त्यात बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर ८ च्या आसपास दिसतं. समास कापून फक्त मजकुराचा ११ सेंटिमीटरचा पट्टा ठेवला तर ते १० पॉइंटपर्यंत येतं. समास कापून यंत्र आडवं धरलं तर १२ सेंटिमीटर रुंदी मिळते आणि अक्षर मूळ आकाराचं होतं, फक्त प्रत्येक पान दोनदा सरकवावं लागतं. हाच उपाय बरा.

स्कॅन नसलेल्या, संगणकावर जुळवलेल्या पीडीएफची तऱ्हा निराळी. युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर साठवण्याच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्यांत, मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी साठवलेलं असतं. पीडीएफ आहे तशी उघडली तर ठीक दिसते. अक्षर मोठं करण्यासाठी तिचं रूपांतर केलं की सगळं इंग्रजी गिचमिड होऊन बाहेर येतं. ओळखायचं असं: फोनवर एक ओळ निवडून ग्रुपवर चिकटवून बघा. मराठी उमटलं तर युनिकोड आहे, रूपांतर चालेल. इपब फाइल, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल, मिळत असेल तर पीडीएफच्या वाटेला जाऊच नका.

आणि उष्णता. अशा यंत्रांच्या पुस्तिकेत वापरासाठी ३५ अंशांची मर्यादा लिहिलेली असते. ती खानदेशात मार्चच्या दुपारीच मोडते. घरात सावलीत वाचायला अडचण येत नाही, पण गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं यंत्र आणि भर उन्हात चार्जिंग, दोन्ही टाळा. बॅटरी लवकर बसते.

कानाने

हात गुंतलेले आणि कान मोकळे असतील त्यांचा हा ऑडिओ पुस्तकांचा रस्ता: केळीच्या बागेत काम करणारे, ट्रक चालवणारे, भुसावळ-नंदुरबार रोज ये-जा करणारे, आणि भरिताची वांगी भाजत उभी असलेली घरची माणसंही. ३०० पानी कादंबरी म्हणजे साधारण ८४ हजार शब्द. मिनिटाला १२० शब्दांनी वाचलं तर पावणेबारा तास लागतात. रोज ४० मिनिटं ऐकलं तर अठरा दिवस. मासिक वर्गणी घेणार असाल तर महिन्यात एक पुस्तकही संपत नसेल तेव्हा घाट्यात आहात. साध्या दर्जाच्या आवाजाला तासाला तीस एमबीच्या आत डेटा जातो, तरी घरून उतरवूनच निघा. धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटात नेटवर्कचा भरवसा धरू नका.

कथा, आत्मचरित्र आणि प्रवासवर्णन कानाने छान जातात. वंशावळींनी भरलेली कादंबरी नाही. पाच नावं चुकली की मागे जाणं कंटाळवाणं होतं. बोलीतलं लेखन वाचणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असतं. 'डोया' म्हणायच्या जागी निवेदक अडखळत 'डोळा' म्हणाला तर पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. नमुना फुकट असतो, तो ऐकल्याशिवाय पैसे भरू नका.

राहिले दिवाळी अंक. ते एकेक विकत घेण्यापेक्षा वाचनालयाची अंकांची वेगळी योजना असेल तर ती घ्या. एकदा रक्कम भरली की दिवाळीनंतरचे काही महिने अंक आलटून-पालटून मिळतात. नाव दिवाळीआधी नोंदवावं लागतं, आणि चांगले अंक पहिल्या पंधरवड्यातच हातोहात जातात. म्हणून वाचनालय उघडायच्या वेळेला दारात जा, संध्याकाळी जाल तर उरतात राशिभविष्याचे.