गच्चीवरचे गुलाब: ऑक्टोबर ते जून, नौतपासकट

मागच्या ऑक्टोबरात इंदूरमधल्या आमच्या सुदामा नगरच्या गच्चीवर गुलाबाच्या पाच कुंड्या मांडल्या. हौस माझी आणि निमित्त सासूबाईंचं: देवाला रोज घरचं एक तरी फूल हवं. दोन मोठ्या फुलांचे लाल हायब्रीड टी, दोन आइसबर्ग आणि एक काश्मिरी गुलाब, तो बटणाएवढ्या गुलाबी फुलांचा.

डिसेंबर-जानेवारीत सगळेच शहाणे. लालचं फूल तळहाताएवढं, शेजारचे लोक फोटो काढायला यायचे. खरी परीक्षा एप्रिलपासून सुरू झाली. मोठ्या लालच्या कळ्या दोन दिवसांत भसकन उमलायच्या, पाकळ्या निम्म्या, कडा जळून काळ्या. गडद पाकळी ऊन जास्त पिते, त्यामुळे लालचे हाल सर्वांत आधी. मेमध्ये एकाची फांदी शेंड्यापासून काळी पडत खाली आली. दुसऱ्याला मात्र तजेलदार नवे फुटवे आले म्हणून मी खुश, तर नीट पाहिल्यावर पान सात-सात पर्णिकांचं आणि फुटवा डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या, जागेच्या खालून आलेला. म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो रानखुंट वाढत होता आणि कलम मरत होतं. रोपवाटिकेवाल्याने ‘बारा महिने फुलेगा, मॅडम’ म्हणून दिलं होतं. बारा महिने खुंट फुलेल बहुतेक.

आइसबर्ग ही जर्मनीच्या कोर्डेस यांची 1958 सालची जात. फ्लोरिबंडा, म्हणजे एका दांड्यावर झुबका. थंडीत ती लालपुढे फिकी वाटली होती. उन्हाळ्यात फुलं लहान झाली, पण थांबली नाहीत. काश्मिरीबद्दल तर काय सांगू, 42 अंशांतही त्याच्यावर चार-पाच फुलं असायचीच. वास जवळपास नाही, हा त्याचा दोष. देवाची त्याबद्दल तक्रार नाही.

माझी सर्वांत मोठी चूक हिरव्या जाळीची. एप्रिलमध्येच पन्नास टक्क्यांची जाळी पूर्ण गच्चीवर ताणली. तीन आठवड्यांत फांद्या लांबुळक्या झाल्या आणि कळ्या गायब. गुलाबाला पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतंच. मग जाळी पश्चिमेच्या बाजूला अशी बांधली की सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारी बारानंतर सावली. फरक महिन्याभरात दिसला.

दुसरं कुंडीचं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा, मुळं उकडतात ती तिथे. मी गोणपाट गुंडाळून ओलं ठेवलं आणि वर वाळक्या पानांचा जाड थर दिला. पाणी सकाळी सातच्या आत. नळाला नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, तेव्हा ड्रम भरून ठेवते; मधल्या दिवशी बोअरचं दिलं की पंधरवड्यात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कोरड्या उकाड्यात पानांच्या खाली लाल कोळी बसतो, बारीक जाळं दिसतं. औषधाआधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा मारा. मला पुरलं.

खताचा मोह आवरा. नौतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, रासायनिक खताचा एक चमचा घातला आणि एका आइसबर्गची पानं कडेने करपली. त्यानंतर फक्त घरचं कंपोस्ट: ओला कचरा, वाळकी पानं, थोडं शेण, थोडी माती-राख, थरावर थर आणि अधूनमधून उलथणं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 इथेच इंदूरच्या शेतीसंशोधन संस्थेत ही रीत बसवली आणि ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली, हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं. नळ, रस्ते, कचरागाड्या सगळं कौतुक ऐकलं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

छाटणी उन्हाळ्यात करू नका. सुकलेलं फूल तेवढं खाली पाच पर्णिकांच्या पानापर्यंत काढा, पानं राहू द्या, फांदीला तीच सावली. माझा मोठा लाल मी मार्चअखेर उत्साहात निम्मा छाटला होता, तो शेंड्यापासून वाळला हा योगायोग नसावा.

पहिला पाऊस पडला तसा तो लाल बुडापासून हिरवा झालाय, कलमाच्या वरून, बरं का. ठेवणार आहे. खुंट झालेला उपटला. त्या जागी ऑक्टोबरात आणखी एक आइसबर्ग येईल. सासूबाईंची अट एवढीच की काश्मिरीची कुंडी जिन्यापाशी आहे तिथेच राहील, त्यांचे गुडघे तेवढ्याच पायऱ्या चढतात.