आधी कोण वाचायचा, प्रोमिथियस की व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन?

एकच वाचायला वेळ असेल तर मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी घ्या. दोन्ही जमणार असेल तर प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावरचं 'प्रोमिथियस बाउंड' आधी, छोटं नाटक आहे, एका बैठकीत होतं, आणि कादंबरीचं उपशीर्षकच 'द मॉडर्न प्रोमिथियस' असल्यामुळे दोघांची टक्कर मग नीट कळते.

फक्त एक लक्षात ठेवा, मातीपाण्यातून माणूस घडवणारा प्रोमिथियस हवा असेल तर तो रोमन कवी ओव्हिडकडे सापडतो. ग्रीक कवी हेसिअडकडे तो देवांचा राजा झ्यूसला फसवतो, पोकळ दांड्यात आग लपवून माणसांना देतो, मग गरुड रोज त्याचं यकृत खातो आणि रात्रीत ते परत वाढतं. नाटकात तर तो खडकाला जखडलेला असताना सांगत बसतो की मी माणसांना आकडे दिले, अक्षरं दिली, औषधं शिकवली. म्हणजे ज्यांच्यासाठी केलं त्यांची बाजू त्याने सोडली नाही आणि मार स्वतःच्या अंगावर घेतला, मला हा माणूस (म्हणजे टायटन, ग्रीक पुराणातला जुन्या पिढीचा देव) फार आवडतो.

व्हिक्टर अगदी उलटा. जर्मनीतल्या इंगोलश्टाटला शिकायला गेलेला हुशार पोरगा, दोनेक वर्षं झोप-जेवण विसरून आठ फुटी देह उभा करतो, आणि नोव्हेंबरच्या रात्री त्या देहाने डोळे उघडले की हा घाबरून खोलीतून पळतो!! साधं नावसुद्धा देत नाही. पुढे शिक्षा भोगतात कोण तर छोटा भाऊ विल्यम, घरात कामाला असलेली निर्दोष जस्टिन, मित्र क्लेरव्हल, बायको एलिझाबेथ. मेलेल्यात जीव घातला हे मला तेवढं खटकत नाही, जन्माला घालून टाकून दिलं हे खटकतं, आणि वाचताना खरंच राग येतो.

तरी माझं मत कादंबरीलाच, कारण तिथे निर्मिलेला जीव स्वतः बोलतो. प्रोमिथियसच्या नाटकात आयो ही एक मुलगी सोडली तर माणसांना एक वाक्य नाही, त्यांच्याबद्दल सगळं तोच सांगतो. इथे मात्र तो प्राणी भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाला बघत भाषा शिकतो, मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' (अ‍ॅडम म्हणजे देवाने घडवलेल्या पहिल्या माणसावरचं काव्य) वाचतो आणि मग बनवणाऱ्यासमोर उभा राहून विचारतो की मी तुझा अ‍ॅडम असायला हवा होतो, मला हाकललंस का, आणि व्हिक्टरकडे याचं धड उत्तर नाही. कादंबरीच्या मधली ही प्रकरणं अजिबात घाईत वाचू नका, सिनेमातला मुका राक्षस डोक्यात असेल तर तो इथेच पुसला जातो.

विकत घेताना आवृत्तीचं साल बघा. १८१८ ची पहिली, १८३१ ची शेलीनेच बदललेली, त्यात नशिबाची भाषा वाढलीय आणि व्हिक्टरवरचा दोष थोडा हलका वाटतो, म्हणून मी १८१८ चीच सुचवेन.