स्वाहिली पुस्तक: दार-एस-सलाम की नैरोबी?

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत लिहिणाऱ्यापुढे प्रकाशकांची दोन मोठी नावं येतात: टांझानियातल्या दार-एस-सलामचं 'म्कुकी ना न्योटा' आणि केनियातल्या नैरोबीचं 'ईस्ट आफ्रिकन एज्युकेशनल पब्लिशर्स'.

नैरोबीच्या संस्थेचं बळ शाळेत आहे. केनियाच्या माध्यमिक परीक्षेत स्वाहिलीचा तिसरा पेपर साहित्याचा असतो. त्यासाठी एक कादंबरी, एक नाटक, एक कथासंग्रह नेमला जातो. पुस्तक नेमलं गेलं की ते देशभरातल्या वर्गांत पोहोचतं; यादी बदलली की मागणी आटते. पण या पैशाच्या आधारावर धाडसही करता येतं. संस्था हाइनमन या ब्रिटिश प्रकाशनाची केनियातली शाखा होती, तेव्हाच तिचे प्रमुख हेन्री चाकावा यांनी 1980 मध्ये केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो यांची गिकुयू या केनियातल्या भाषेतली कादंबरी छापली. धमक्या सोसल्या, मागे हटले नाहीत. 1992 मध्ये ही शाखा स्थानिक मालकीची झाली.

वॉल्टर बगोया यांनी सरकारी टांझानिया पब्लिशिंग हाऊस सांभाळल्यानंतर 1991 मध्ये म्कुकी ना न्योटा सुरू केलं. तिथे बालपुस्तकं, कविता, इतिहास, सगळ्याला जागा आहे. खप मात्र वाचकाच्या खिशावर. टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत, माध्यमिक इंग्रजीत. म्हणजे वाचनाची गोडी लागण्याच्या वयातच भाषा बदलते. प्रकाशकाला याचा फटका बसतो, आणि याबद्दल बगोया वर्षानुवर्षं बोलत आले आहेत.

हुकमी खप हवा असेल तर नैरोबी. कवितासंग्रह असेल, तर मी दार-एस-सलामच सुचवेन. परीक्षेच्या पलीकडचा वाचक तिथेच घडवला जातोय.